आवाज येईपर्यंत

सिएटलच्या विमानतळावर कस्टमच्या बाईंनी जीरावनाची बाटली उजेडात धरून तीनदा हलवली. हे काय? मी म्हटलं, मसाला, पोह्यांवर भुरभुरायचा. आणि हे? लौंग सेव. आणि हे? तीही सेवच, पण रतलामी. बाईंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि जा म्हणून हात केला.

"काय विचारून राहिली होती ती एवढं?" आईंनी मला विचारलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 78. ऐकू कमी येतं. उजव्या कानात मशीन आहे. डावा कान त्यांच्याच शब्दांत "रिटायर झाला".

धाकटा दीर मिलिंद सिएटलजवळ राहतो. "वहिनी, जूनमध्ये या, अलास्काची क्रूझ करू," असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी बुकिंग केलं आणि त्यालाच सुट्टी मिळाली नाही. म्हणून बोटीवर आम्ही तिघंच: मी, अनिल आणि आई.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी बोट असली तरी आपल्याला अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. अमेरिकेत 1886 पासून एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्याच बंदरातून माणसं उचलून अमेरिकेतच फिरवून आणायची असतील, तर मध्ये एखाद्या परक्या देशाच्या बंदराला शिवून यावं लागतं. बहुतेक मोठ्या क्रूझ बोटी परदेशी नोंदणीच्या, म्हणून त्या शेवटच्या रात्री कॅनडातल्या व्हिक्टोरियाला चार तास टेकतात. आमच्या इंदूरच्या एजंटने "चार तासांसाठी कोण विचारतंय" असं छातीठोक सांगितलं होतं. सुदैवाने अनिलचा कोणावरच विश्वास नसतो. बोटांचे ठसे द्यायला दिल्लीची एक वारी जास्तीची झाली, पण धक्क्यावर खरंच पहिला प्रश्न तोच आला.

पहिला दिवस, सिएटल

बोट पाहून आई म्हणाल्या, "ही बोट नाही, ही कॉलनी आहे." तीन हजारांच्या आसपास प्रवासी, वर नोकरवर्ग वेगळा. आमच्या अख्ख्या रामबागेत एवढी वस्ती असेल की नाही कोण जाणे. मिलिंदने बाल्कनीची खोली घेऊन दिली होती. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तिथे पैसे वाचवू नयेत. खालच्या बिनखिडकीच्या खोल्या निम्म्या पैशांत मिळतात, पण अशा सफरीत अर्धं बघणं पलंगावर बसूनच होतं.

निघण्याआधी सगळ्यांना संकटकाळची जागा दाखवतात आणि भोंगा वाजवून दाखवतात: सात लहान, एक लांब. आईंनी मशीन काढून ठेवलं होतं. तरी त्या दचकल्या. "हा आला बरं का ऐकू," म्हणाल्या, आणि आख्खा दिवस खूश होत्या.

रात्री खोलीत आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती. खोली आवरणारा पोरगा इंडोनेशियाचा, रोज टॉवेलचा एक प्राणी करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो हत्ती उलगडायला लागला तेव्हा आई आडव्या आल्या. "गणपती आहे, मोडायचा नाही." त्याला काय कळलं देव जाणे, पण हत्ती सातही दिवस सोफ्यावर होता आणि आम्हाला टॉवेल जास्तीचे मिळत गेले.

दुसरा दिवस, समुद्र

जाहिरातीत शांत खाड्या दाखवतात. त्या खऱ्या आहेत, पण सिएटलहून जाणाऱ्या बऱ्याच बोटी पहिल्या दिवशी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून जातात. अनिल सकाळी साडेसहाला आडवा झाला तो दुपारी तीनला उठला. बोटीवरचे लोक अशा वेळी हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं देतात. आईंनी आपल्या पिशवीतून आलेपाक काढला. कशाने बरं वाटलं यावर अजून घरात मतभेद आहेत.

आई ठणठणीत. कानाचा तोल गेला की बोट लागते असं मी त्यांना समजावून सांगायला गेले, तर म्हणाल्या, "माझे कान आधीच गेलेत, आता काय लागणार?"

जेवणाचं म्हणाल तर उपाशी कोणी राहत नाही. बुफेत रोज एक डाळ, एक भाजी असतेच. जेवणघरातला मुख्य वाढपी गोव्याचा निघाला. त्याने सांगितलं, ताई, आदल्या रात्री सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी हवं ते शाकाहारी करून देऊ. दिलंही. फक्त पोहे जमले नाहीत. ते भिजवतात की शिजवतात यावर त्याचं आणि स्वयंपाक्याचं एकमत झालं नाही. तेव्हा आम्ही खोलीतच पातळ पोह्यांचे दडपे पोहे केले: बुफेतलं लिंबू, घरचं सुकं खोबरं, वर जीरावन आणि सेव. गॅस नको, काही नको.

त्या रात्री घड्याळं एक तास मागे. आता इंदूर आमच्या साडेतेरा तास पुढे. साडेनऊ वाजले तरी बाहेर चांगला उजेड होता. आईंना संध्याकाळचा दिवा कधी लावायचा ते कळेना. शेवटी इंदूरच्या वेळेने स्तोत्र म्हटलं.

तिसरा दिवस, केचिकन

पाऊस. केचिकनला वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो. आपल्याकडे चाळीस इंच झाला की यशवंत सागर भरला, छान झालं म्हणतो. इथे कोणी छत्री उघडत नव्हतं. गाव डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या पट्टीत दामटून बसवलंय, काही घरं सरळ ओढ्यावर खांब रोवून. मागे टोंगास जंगल सुरू होतं. साधारण 1 कोटी 67 लाख एकर, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन.

बसने सॅक्समन नावाच्या वस्तीत गेलो. इथले मूळ लोक त्लिंगित, म्हणताना ते साधारण "क्लिंकिट" असं होतं. लाल देवदाराचे अखंड खांब, त्यांवर कावळा, गरुड, अस्वल, बेडूक एकावर एक कोरलेले. मला वाटायचं त्यांची पूजा करतात. तसं नाही. तो घराण्याचा इतिहास असतो. कोणाचं कूळ कोणतं, कोणी काय मिळवलं, कोण गेलं, हे सगळं लाकडात लिहून ठेवलेलं. खांब कुजला तर पूर्वी कुजू देत.

वाटाड्या मुलीने सांगितलं, आमच्यात दोन बाजू, कावळा आणि गरुड. मूल आईच्या बाजूचं. आणि कावळ्याने कावळ्याशी लग्न करायचं नाही. मी आईंच्या उजव्या कानाशी भाषांतर केलं. आई म्हणाल्या, "म्हणजे सगोत्र चालत नाही. बरोबर आहे." मग मुलीला मराठीतच विचारलं, "तू कोण?" ती हसून म्हणाली, रेव्हन. प्रश्न कळला कसा, मला विचारू नका.

तिथल्या एका खांबावर सेवर्ड बसलाय. हा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री. याने 1867 साली रशियाकडून अख्खा अलास्का 72 लाख डॉलरला घेतला, एकराला दोन सेंट पडले. दोन वर्षांनी तो इकडे आला तेव्हा त्लिंगित प्रमुखाने मोठी मेजवानी दिली, आहेर केला. त्यांच्या रीतीने याने उलट आहेर करायला हवा होता, तो केलाच नाही. म्हणून त्याचा खांब उभारला, नाक-कान लाल रंगवून. उधारी बुडवणाऱ्याची जाहीर पाटीच ती. जमीन रशियाकडून घेतली, पण राहणाऱ्यांना कोणी विचारलं होतं, हा प्रश्न त्या मुलीने विचारला नाही. लाल कान दाखवून पुढे गेली. आमच्या बसमध्ये बहुतेक अमेरिकनच होते, ते जोरात हसले.

चौथा दिवस, जुनो

राज्याची राजधानी आणि तिला बाहेरून येणारा रस्ता नाही. एक तर विमानाने या, नाही तर बोटीने. गावातले रस्ते काही मैल जाऊन डोंगराशी संपतात.

लहान बोटीतून देवमासे बघायला गेलो. कुबड्या जातीचे, चाळीस-पंचेचाळीस फुटांचे. हिवाळ्यात हवाईला जाऊन पिल्लं घालतात आणि उन्हाळ्यात खायला इतक्या लांब येतात. आधी धुराच्या लोटासारखा फवारा दिसतो, मग काळी पाठ, आणि खोल बुडी मारायची असली तरच शेपूट वर येतं. शेपटाच्या खालचे पांढरे-काळे डाग प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून माशाची ओळख पटवतात. माझ्याकडे शेपटांचे 34 फोटो आहेत. त्यांतल्या 29 मध्ये पाणी आहे.

दुपारी मेंडेनहॉलची हिमनदी. 1962 मध्ये बांधलेलं पर्यटक केंद्र आहे. तिथल्या जुन्या फोटोंत बर्फ किती जवळ आहे ते बघायचं आणि मग खिडकीतून किती लांब गेलाय ते. तिथे मी फार थांबले नाही. उद्या-परवा हेच मोठ्या मापात बघायचं आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

पाचवा दिवस, स्कॅगवे

माझा सगळ्यात आवडता दिवस, कारण आगगाडी.

1896 च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या क्लोंडाइक भागात एका ओढ्यात सोनं सापडलं. ही बातमी सिएटलला पोचायला 1897 चा जुलै उजाडला. सोन्याने भरलेली बोट धक्क्याला लागली तेव्हा गाव पेटलं. दुकानदार, शिक्षक, ट्रामचे कंडक्टर, जो तो निघाला. लाखभर माणसं निघाली असावीत म्हणतात. बहुतेक मधूनच परतली. जे पोचले त्यांना कळलं की चांगल्या ओढ्यांवर तिथल्या तिथे राहणाऱ्यांनी केव्हाच हक्काच्या खुंट्या ठोकल्यात.

वाट या स्कॅगवेवरून. वर कॅनडाच्या हद्दीवर पोलीस उभे. वर्षभराचं सामान असेल तरच आत, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन. ते एका खेपेत कसं न्यायचं? अर्धी पोती वर ठेवून यायची, पुन्हा खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडी मेली. त्या दरीचं नावच मेलेल्या घोड्यांची दरी.

मग 1898 मध्ये रेल्वे सुरू केली बांधायला आणि दोन वर्षांत पुरी केली, जुलै 1900. तोवर सोन्याची गर्दी दुसरीकडे, नोमच्या किनाऱ्याला, सरकलीही होती. ती गाडी आज आम्हा पर्यटकांना ओढते. रुळांतलं अंतर तीन फूट, आपल्या मीटर गेजपेक्षाही तीन-साडेतीन इंच कमी. वीस मैलांत समुद्रसपाटीवरून 2,865 फूट चढते. चढताना डावी बाजू धरावी, दरी तिकडे आहे.

अनिल खिडकीत आणि त्याचं एकच चाललेलं: "पातालपाणी. हे बघ, डिट्टो पातालपाणी." मीही आधी हसले. पण बोगदा, मग लोखंडी पूल, मग कड्याला चिकटलेलं वळण, समोर आपल्याच गाडीचं इंजिन दिसतंय... आमच्या इंदूरजवळच्या पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडीत बसलेल्या कोणालाही तेच वाटेल. तिथे माकडं असतात आणि उतरल्यावर कलाकंद मिळतो. इथे दोन्ही नाही. आमच्या घाटाची रेल्वे यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी थोरली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली त्या लाइनसाठी इंग्रजांना 1 कोटी रुपये कर्ज दिलं होतं, 101 वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजावर. हे अनिलने शेजारच्या टेक्सासच्या जोडप्याला सांगितलं. राजाने इंग्रजांना कर्ज दिलं, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

सहावा दिवस, ग्लेशियर बे

पहाटे सहाला बोट खाडीत शिरली. लहान होडीतून उद्यानाचे रेंजर येऊन दोराच्या शिडीने वर चढले आणि दिवसभर तेच माईकवर बोलत होते. या खाडीत दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात. धक्का नाही, दुकान नाही, उतरायचं नाही. फक्त बघायचं.

रेंजर बाईंनी सांगितलेलं मला अजून नीट पचलेलं नाही. 1794 मध्ये व्हँकुव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडीच नव्हती. तोंडाशीच बर्फाची भिंत होती. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीसेक मैल मागे गेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पासष्ट मैल. म्हणजे सकाळपासून आम्ही ज्या पाण्यावरून चाललो होतो, ज्या डोंगरांना हिरवी झाडं होती, ते सगळं होळकरांनी इंदूरला बस्तान बसवलं त्या काळात बर्फाखाली होतं. आणि त्याच्याही आधी इथे त्लिंगितांची गावं होती. सतराव्या-अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांना घरंदारं सोडून पळावं लागलं. बर्फ येताना माणसं गेली आणि बर्फ जाताना आम्ही आलो, सेव घेऊन.

दहाच्या सुमाराला मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. एक मैल रुंद, पाण्यावर 250 फूट. आमचा इंदूरचा राजवाडा सात मजली. ही पंचवीस मजल्यांची भिंत, आणि निळी. दाबाने आतली हवा निघून गेलेला बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो, उरतो तो निळा. हे मी अकरावीला तीस वर्षं शिकवलंय. फळ्यावर तो कधी एवढा निळा नव्हता.

वरच्या डेकवर हजारभर माणसं आणि तरी शांतता. इंदूरच्या माणसाला सहन होत नाही अशी. वारा बोचरा. आईंच्या मशीनमध्ये वाऱ्याने सूं-सूं व्हायला लागलं, त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं आणि कठड्याला रेलून उभ्या राहिल्या.

मग गडगडाट झाला. पावसाळ्यात लांब कुठेतरी वीज पडावी तसा, पण पोटात जाणवणारा. बर्फाचा कडा सुटून पाण्यात कोसळतो त्या आवाजाला इथले लोक पांढरा गडगडाट म्हणतात. मी गर्रकन फोन फिरवला. पाण्यात वर्तुळं, वर थोडी बर्फाची धूळ. संपलेलं.

दहा मिनिटांनी पुन्हा. पुन्हा मी, पुन्हा वर्तुळं. आजूबाजूला "ओऽऽ" आणि मग "अरेरे" अशा अर्थाचे पाच-सहा भाषांतले आवाज.

तिसऱ्यांदा आई म्हणाल्या, "केवढा मोठा होता! दरवाज्याएवढा सुटला, मग वाकला, मग बसला खाली." अनिल म्हणाला, "आई, तुला दिसला?" त्या म्हणाल्या, "तिन्ही दिसले. तुम्ही कुठे बघून राहिलेत?"

मग माझी ट्यूब पेटली, आणि लाज वाटली. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर. मैलभर रुंदीच्या त्या टोकाला कडा सुटला तर गडगडाट आमच्यापर्यंत यायला चार-पाच सेकंद. तोवर बर्फ पाण्यात. आम्ही हजार माणसं आवाज ऐकून माना वळवत होतो. आईंना आवाजच नव्हता, त्यामुळे वळायचं कारण नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या. वीज आधी दिसते, गडगडाट मागून, हा प्रश्न मी किती परीक्षांत घातला असेल!

फोन खिशात टाकला आणि भिंतीच्या एकाच भागावर नजर लावून उभी राहिले. वीस मिनिटं काही झालं नाही. बोट जागच्या जागी फिरली, दुसऱ्या बाजूच्यांना दिसावं म्हणून. आम्ही धावत दुसऱ्या बाजूला. मागून गडगडाट.

रात्री खोलीत पांघरूण घेताना आईंनी विचारलं, "तुम्हाला ऐकू येत होता ना? कसा होता गं?" मी वीज म्हटलं, तोफ म्हटलं, अनंत चतुर्दशीच्या झांकीतला ढोल म्हटलं. त्यांना काही पटलं नाही.

सातवा दिवस, समुद्र आणि व्हिक्टोरिया

दिवसभर सामान भरणं. रात्री व्हिक्टोरिया, चार तास, कायद्यापुरते. विधानसभेच्या इमारतीवर दिव्यांची रोषणाई बघितली आणि आईंनी लगेच म्हटलं, राजवाड्यावरची चांगली असते. रस्ते मात्र स्वच्छ आहेत, असं कबूल केलं, "आपल्याइतके". इंदूरची बाई याच्या पुढे जाणार नाही.

हत्ती सोफ्यावरच ठेवून आलो. आईंनी त्याच्यापुढे लौंग सेवेची उरलेली पुडी ठेवली होती. पोराला चिठ्ठी मी लिहिली.

आठवा दिवस, सिएटल

सकाळी सातला धक्का. उतरायच्या गटांना रंग दिलेले. आमचा हिरवा, तो पुकारेपर्यंत डेकवर थांबायचं. वारा नव्हता, आईंनी मशीन लावलं होतं. खाली सामानाचे लोखंडी पिंजरे उतरवत होते. त्यातला एक हातभरावरून सुटला आणि धक्क्यावर आदळला. गोदीभर घुमला.

"असा!" मी आईंचा हात धरला. "साधारण असाच होता बघा, आई. याच्याहून मोठा, पण असाच."

आईंनी खाली पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढंच होय," म्हणाल्या, आणि हिरवा रंग पुकारला का ते बघायला दाराकडे निघाल्या.